विमलआत्याच्या मासोळ्या

पाण्यात जीव असतात हे मला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं. आम्ही जैन. पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, कांदा-लसूण-बटाटा घरात आणायचा नाही, एवढं आमच्याबद्दल लातूरच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण पाणी गाळून झाल्यावर फडक्यात जे राहतं त्याचं काय करायचं, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसायचे. ते फेकायचं नसतं. डोळ्यांना दिसत नसले तरी फडक्याला जीव चिकटलेले असतात. त्यावर थोडं गाळलेलं पाणी घालायचं आणि ते वाटीत धरून ज्या पाण्यातून आणलं त्याच पाण्यात परत नेऊन सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. आमच्या घरात हे काम विमलआत्याचं. नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, म्हणून अंगणात मोठा हौद होता. सकाळी त्या हौदावर घागर टेकल्याचा आवाज यायचा, मग फडक्यातून निथळणाऱ्या पाण्याची टपटप, कारण फडकं पिळायचं नाही, आणि शेवटी वाटी पार खाली पाण्याला टेकवून कलती करताना तिच्या काचेच्या बांगड्या हौदाच्या काठाला लागायच्या. वरून ओतलं तर लागतं त्यांना, असं ती म्हणायची. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि मनात म्हणायची, आत्याला माणसांपेक्षा न दिसणाऱ्यांचीच फिकीर जास्त.

विमलआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला नांदेडला दिलं होतं. नऊ-दहा वर्षं नांदली, मूल झालं नाही, आणि मग एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन परत आली. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा घरात फक्त एवढंच म्हणायचे की आत्या आता इथंच राहणार. बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते, कुणाला वर मान करून बोलणारे नव्हते, ते नांदेडला भांडायला गेले नाहीत. आई तिला वन्सं म्हणायची आणि तिच्या हातचं पाणी, तिच्या हातच्या भाकरी, तिच्या हातची डाळीची आमटी गुमान खायची-प्यायची, पण स्वयंपाकघरातले डबे कुठले कुठं ठेवायचे यावरून दोघींची रोज धुसफूस चालायची. आत्या कधी उलट बोलायची नाही. ती आपली डबा उचलायची आणि आई म्हणेल तिथं ठेवायची. मला मात्र ती आईपेक्षा जास्त लागायची. दुपारी शाळेतून आलं की ती मला अंगणाच्या पायरीवर बसवून वेण्या घालायची आणि घालता घालता कुठल्या तरी राजाची, कुठल्या तरी मुनींची गोष्ट सांगायची. केस इतके हळू विंचरायची की मला झोप यायची. अख्ख्या घरात मी एकटीच तिची, असं मी धरून चालले होते.

मासोळ्या आल्या त्या हिवतापवाल्यांमुळे. दोन माणसं आली, हौदात बॅटरी मारून पाहिली, डासांच्या अळ्या दिसल्या. आत्या घरात एकटी. त्यांनी काही विचारलं नाही, डब्यातल्या पाच-सहा गप्पी मासोळ्या हौदात सोडल्या, भिंतीवर खडूने तारीख लिहिली आणि गेले. संध्याकाळी बाबा आले आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. या मासोळ्या अळ्या खाणार. म्हणजे आपल्याच हौदात, आपल्याच डोळ्यांसमोर रोज हिंसा होणार, आणि तेच पाणी आपण गाळून पिणार. मारायच्या तर नाहीतच. परत द्यायच्या तर कुणाला? बाबा म्हणाले, उद्या ऑफिसात विचारतो. आत्याने उद्याची वाट पाहिली नाही. पाणी गाळायचं फडकं पसरून तिने एकेक मासोळी अलगद वर घेतली आणि लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत सोडली. आई म्हणाली, आता कैऱ्या काय माझ्या डोक्यात घालू? पण बरणी गेली ती गेलीच. अळ्या वाचल्या, त्यांचे डास झाले आणि वर्षभर आम्हाला चावत राहिले. बाबांना तापही येऊन गेला. आज हे सांगताना मला हसू येतं, तेव्हा कुणालाच हसू आलं नव्हतं.

मग सुरू झालं या मासोळ्यांना जैन करणं. दुसरा शब्द नाही त्याला. दुकानात मासोळ्यांचं खाणं मिळतं असं शेजारणीने सांगितलं, मी जाऊन पुडा आणला, आणि त्यावर सुकवलेल्या माशांची भुकटी असं लिहिलेलं मीच वाचून दाखवलं. आत्याने तो पुडा चिमट्याने उचलून अंगणाबाहेर ठेवला. तिने डाळवं घेतलं, त्याचं पीठ केलं, वस्त्रगाळ केलं. मासोळ्यांनी ते खाल्लं. दिवस मावळायच्या आत चिमूटभर, एकदाच. तिथपर्यंत ठीक होतं. पण पाणी. साध्या पाण्यात जीव असतात, ते या मासोळ्या गिळणार, म्हणजे बरणी भरून देणाऱ्याला त्याचं पाप. म्हणून तिने आपण पितो तसं उकळून गार केलेलं पाणी बरणीत भरलं. इतकं स्वच्छ पाणी त्या बिचाऱ्यांनी जन्मात पाहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर येऊन तोंडं उघडून राहिल्या. आत्याला वाटलं भुकेल्या आहेत, तिने आणखी पीठ घातलं. दुपारपर्यंत दोन मेल्या. उकळल्या पाण्यातली हवा निघून जाते हे शाळेतल्या सरांनी मला सांगितलं, मी घरी येऊन सांगितलं.  तिने बरणीत हौदाचं गाळलेलं पाणी भरलं, दोन्ही मेलेल्या मासोळ्या तुळशीच्या मागे पुरल्या आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

आता आमची मुलगी हैदराबादला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने दूध, दही, तूप, सगळं सोडलं. ती स्वतःला व्हीगन म्हणवते. पहिल्यांदा घरी आली आणि तिने चहात नारळाचं दूध घातलं तेव्हा तिचे बाबा कपाळाला हात लावून बसले. यंदा दिवाळीला आली तर हॉलमध्ये काचेची टाकी. रक्तदाबाला बरं असतं म्हणून तिच्या बाबांनी हौसेने आणलेली, त्यात सहा रंगीत मासे, खालून दिवा, वर बुडबुडे. ती चप्पल काढायच्या आधी म्हणाली, हे कशाला आणलं? ते म्हणाले, मी काय खायला आणलेत का? दोघांचं दोन दिवस चाललं. ती म्हणे, आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून कुणाला कोंडून ठेवायचं हे दूध काढण्याइतकंच वाईट. ते म्हणत, इथं त्यांना खायला मिळतं, कुणी मारत नाही, तळ्यात असते तर आतापर्यंत कुणाच्या पोटात गेले असते. मी दोघांना जेवायला वाढत होते. आई, तुला काय वाटतं, असं तिने विचारलं तेव्हा मी भाजी गरम करायला उठले. मला जे वाटतं ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

आत्याच्या बरणीत उरलेल्या मासोळ्यांतली एक पोटुशी होती. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. एका रविवारी सकाळी आत्याने मला हाक मारली तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. बरणीत टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं सुटत होती, आणि मोठ्या मासोळ्या, त्यांत ती आईसुद्धा, त्यांच्या मागे धावून गिळत होत्या. आत्याने तोंडावर पदर दाबला. मग चमचा घेतला आणि एकेक पिल्लू टिपून कॉफीच्या रिकाम्या बाटलीत सोडायला लागली. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही, आईने केला, आणि आश्चर्य म्हणजे कुरकुर न करता केला. नऊ पिल्लं वाचली. मला ती दहा वाटली म्हणून मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, न्हाई, नऊच हायत, मी किती वेळ बघायले. तिच्या तोंडावर मी तेव्हा जे पाहिलं ते आजवर विसरले नाही. ती आनंदात होती. इतक्या वर्षांत तिला कधी आनंदात पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते ओळखायलाही वेळ लागला.

आणि मला तो आनंद सोसला नाही. हे लिहायला जड जातं, पण लिहिलं नाही तर सगळंच खोटं. वेण्या घालताना आता तिची नजर खिडकीतल्या बरणीकडे असायची. गोष्ट मध्येच थांबायची. आज धाकटी खात न्हाई बघ, असं म्हणून ती कंगवा माझ्या केसांत तसाच ठेवून उठायची. एकदा मला ताप होता आणि मी तिला जवळ बस म्हटलं. ती बसली, पण दिवस मावळायला आल्यावर पीठ घालायला उठली आणि बराच वेळ आली नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले. त्याच दिवसांत मंदिराच्या पाठशाळेत मला पहिला नंबर मिळाला होता. अहिंसेच्या व्रताला कोणते पाच दोष लागतात ते मी एका दमात म्हणून दाखवलं होतं: जीव बांधून ठेवणं, त्याला मारणं, त्याचे अवयव छेदणं, त्याच्यावर जास्त ओझं लादणं, त्याचं अन्नपाणी रोखणं. पहिलाच दोष बांधून ठेवणं. घरी येता येता ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी तेव्हा आत्याला काही बोलले नाही. मी ते जपून ठेवलं.

त्या वर्षी नांदेडला एका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास होता. आत्याने श्राविकेची, म्हणजे घरात राहणाऱ्या जैन बाईची, बारा व्रतं त्यांच्याकडून घ्यायचं ठरवलं. मूल नाही, घर नाही, नवरा नाही, पण व्रत घेतलेल्या बाईला समाजात एक जागा असते. लोक तिला आदराने ताई म्हणतात, पंगतीत आधी वाढतात. आत्या असं कधी बोलली नाही, पण आई बाबांना म्हणत होती ते मी ऐकलं होतं: ज्या गावाने हाकललं त्याच गावात मान घेऊन येऊ द्या त्यांना. भाद्रपदात आई, आत्या आणि मी एसटीने निघालो. आत्याच्या मांडीवर बरणी. घरी बाबा होते, पण बाबा दिवस मावळायच्या आत ऑफिसातून येतील याचा भरवसा नव्हता, म्हणून मोठ्या मासोळ्या आणि आता मोठी झालेली पिल्लं एकाच बरणीत घालून, तोंडाला फडकं बांधून, ती चार तास बरणी दोन्ही हातांनी धरून बसली. अहमदपूरच्या पुढे रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला ती बरणी थोडी वर उचलायची. आई म्हणाली, वन्सं, माताजींसमोर हे नेऊ नका बरं. आत्या म्हणाली, खोलीतच ठेवते, कुणाला दिसायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात शंका-समाधान होतं. माताजी पाटावर बसलेल्या, समोर बायका, मुलं. ज्याला जे विचारायचं ते विचारावं. दोन ओळी पुढे आत्याच्या सासरच्या बायका बसल्या होत्या, तिची थोरली नणंदही. आत्या खाली मान घालून बसली होती. सकाळीच माताजींनी तिला व्रतांचा मुहूर्त दिला होता, दुसऱ्या दिवसाचा. मुलांना विचारू द्या, असं कुणीतरी म्हटलं, आणि मी हात वर केला. उभी राहिले. मला खणखणीत बोलता येत होतं, पाठशाळेत बक्षीस त्यासाठीच मिळालं होतं.

"माताजी, घरात बरणीत मासे पाळले तर त्याला बांधून ठेवण्याचा दोष लागतो का?"

मंडपात कुजबुज झाली. जैनांच्या घरात मासे म्हणताच सगळ्या माना वळल्या. कुणाच्या घरात, हे मी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, मी आत्याकडे पाहिलं तेवढं पुरेसं होतं. माताजी रागावल्या नाहीत. त्या फार हळू बोलायच्या. म्हणाल्या, ज्याने दयेने ठेवलं त्याचा भाव चांगला, पण ज्या जिवाला बाहेर जाता येत नाही त्याला भांडं लहान काय आणि मोठं काय. आणि ठेवणाऱ्याचं मन त्या भांड्यातच अडकलं असेल तर दोन जीव कोंडले जातात. बस्स, एवढंच. पुढे कुणी आलू-मुळ्याचं विचारलं. पण उठताना ती नणंद शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणाली, लेकरं झाली न्हाईत म्हणून मासे पाळायली होय. आत्याने ते ऐकलं. मीही ऐकलं. मला जिंकल्यासारखं वाटेल असं मी समजून चालले होते. तसं काही झालं नाही. 

दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर आत्या मला घेऊन गोदावरीच्या घाटावर गेली. मलाच का नेलं, मी विचारलं नाही. वाटेत तिने एकदाच तोंड उघडलं.

"जिथलं पाणी तिथं सोडावं. पण यांचं गाव कोणतं, हेच मला ठाव न्हाई."

शेवटच्या पायरीवर ती बसली, बरणी पाण्याला टेकवली आणि जिवाणी सोडायची तशी हळूहळू कलती केली. मासोळ्या बाहेर आल्या. आणि गेल्या नाहीत. एवढी मोठी नदी पुढ्यात असताना त्या पायरीपाशीच, बरणीच्या घेराएवढ्या जागेत गोल गोल फिरत राहिल्या. आत्या त्यांना हाताने पाणी ढकलून म्हणत होती, जावा, जावा की माय. आम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या घाटावर भाविक रोज कणकेच्या गोळ्या टाकतात. तिथले मोठे मासे वर काही पडलं की धावत येतात. पाणी एकदा हललं, दोनदा हललं. आत्याचा हात पाण्यातच होता. तिने तो बाहेर काढला नाही. नंतर पायरीपाशी काही नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तिने व्रतं घेतली. विधी संपल्यावर माताजींनी विचारलं, आणखी काही त्याग करायचा आहे का. सहसा बायका एखादी भाजी, एखादं फळ सोडतात. आत्या म्हणाली, दूध. माताजींनी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, आयुष्यभर. दही, ताक, तूप, सगळं त्यात आलं. का, असं कुणी विचारलं नाही, तपाचं कारण विचारायची रीत नाही. त्यानंतर ती चोवीस वर्षं जगली. कोरा चहा, कोरी भाकर, तेलाची फोडणी. हाडं ठिसूळ झाली, शेवटी मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी दूध प्या म्हटलं, ती हसली. आमची लेक कुठल्या तरी पडद्यावर गोठ्यातल्या वासरांचं काही पाहून दूध सोडून बसली. पटलं म्हणून सोडलं. आत्याला काय पटलं होतं ते मी सांगू शकत नाही. मला तर वाटतं तिने स्वतःला शिक्षा दिली. आणि ती शिक्षा खरी माझी होती.

मी दिवाळीनंतर लेकीला फोनवर हे सगळं सांगितलं.  ती म्हणाली, आई, नदीत सोडायलाच नको होत्या. पाळलेले मासे सोडले की मरतात, नाही मेले तर तिथल्या माशांना मारतात. मी बाबांनाही तेच म्हटलं, आता आणलेत ते नीट सांभाळा, मरेपर्यंत, फक्त नवे आणू नका. हे उत्तर इतकं साधं होतं की मला तिचा रागच आला. तेव्हा मंडपात हे सांगणारं कुणी नव्हतं. असतं तरी मी ते ऐकायला उभी राहिले नव्हते.

व्रतं झाली त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने आम्ही नांदेडहून परत निघालो. आई पुढच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. आत्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी, रिकामी बरणी तिच्या मांडीवर. तिने मला रागवावं, एक ठेवून द्यावी, निदान माझ्याकडे बघावं, असं मला इतकं वाटत होतं की लोहा गाव येईपर्यंत मी हुंदके देत होते. ती बाहेर बघत होती. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"सुजा, तू विचारलंस ते बरोबर होतं," ती म्हणाली. "पण घरी विचारलं असतंस तरी मी सोडल्या असत्या गं."